ताईंनी परस्पर दिलेला नकार

लग्न होऊन मी माहीमच्या घरात आले तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि घर नणंदबाईंच्या हातात होतं. माझ्या नवऱ्यापेक्षा त्या बऱ्याच मोठ्या. परळच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. आईने मला बजावून पाठवलं होतं, नणंदेला 'वन्सं' म्हणायचं. पहिल्याच सकाळी मी तशी हाक मारली, तर त्या कोलंबी सोलता सोलता थांबल्या.

"वन्सं कसलं गं? नऊवारी नेसून झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं मला. ताई म्हण."

तेव्हापासून ताई. 'तुम्ही' मात्र सुटलं नाही, आजतागायत.

माझ्या सासरची माणसं जुनी मुंबईकर. पणजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, गिरगावात स्वतःचं घर, असं सगळं मी नुसतं ऐकलेलं. माझ्या वाट्याला त्यातली चोखंदळ जीभ आणि चारचौघांत आवाज न चढवण्याची सवय तेवढी आली. ताईंना तरुणपणी स्थळं येत होती म्हणे. पण आधी वडील गेले, मग सासूबाईंना पक्षाघात झाला, भावाचं शिक्षण राहिलं होतं. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता ती वर्षं निघून गेली. त्यावर ताईंच्या तोंडून एक अक्षर कधी ऐकलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा ताई पन्नाशीला आल्या होत्या. तेराव्यानंतर त्यांनी आईची खाट गादीसकट वॉचमनला देऊन टाकली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाल्या, "आता संध्याकाळी घरी येऊन मी काय करायचं गं?"

त्या संध्याकाळी हळूहळू सरांनी भरल्या.

सर त्यांच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. काळाचौकीच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत होते, गाव कुडाळच्या बाजूचं. त्यांची बायको मूत्रपिंडाच्या आजाराने गेली होती. शेवटची कित्येक वर्षं तिचं डायलिसिस चालू होतं, आणि शाळा सुटली की सर थेट तिच्याकडे जायचे. मुलगी लग्न होऊन ठाण्याला. शाळेत सगळे जसं म्हणतात तसं ताई त्यांना 'सर' म्हणायच्या आणि ते ताईंना 'बाई'. शनिवारी अर्धी शाळा सुटली की दोघं परळहून चालत दादरच्या बाजारात यायची, भाजी घ्यायची, आणि सर ताईंची पिशवी घेऊन आमच्या बिल्डिंगच्या खालपर्यंत यायचे. वर कधी यायचे नाहीत. एकदा मीच गच्चीवरून कपडे काढताना पाहिलं आणि खाली वाकून ओरडले, "अहो सर, चहा घेऊन जा की!" तेव्हा ते पहिल्यांदा वर आले.

चहा पिता पिता त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि ते तिरकं लागलंय म्हणून उठून सरळ केलं. ताई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. सबंध चेहऱ्याने.

पुढे वर्षभराने ताईंनी जेवताना भावाला सांगितलं, "सरांनी मला विचारलंय. मी हो म्हणणार आहे."

माझा नवरा घास तोंडात ठेवून बसला. मग म्हणाला, "ताई, या वयात?"

"मग कुठल्या वयात?" ताई म्हणाल्या. "मागचं परत देतोयस का?"

दुसऱ्या दिवशी तो पापलेट घेऊन आला आणि म्हणाला, "सरांना रविवारी जेवायला बोलाव." आमच्याकडे होकार असाच देतात.

दिवाळीच्या सुट्टीत लग्न करायचं ठरलं. रजिस्टर करायचं, मग दोन्ही घरची माणसं जेवायला. सर आपल्या चाळीतल्या दोन खोल्या आतून स्वतः रंगवत होते. ताई बारीक होत चालल्या होत्या, आणि आम्ही सगळे त्यांची थट्टा करत होतो. शाळेतल्या बायका म्हणायच्या, "काय बाई, नवरीचं डाएट का?" ताईही हसायच्या. पाठ दुखते म्हणायच्या, तर आम्ही म्हणायचो, फळ्यापुढे उभं राहून राहून दुखत असेल. जेवण झालं की पोटात वरच्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं होतं, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी ओवा दिला.

शेवटी दादरला सोनोग्राफी केली, मग सीटी स्कॅन. डॉक्टर आमच्या घरचे जुने, सरळ बोलणारे. म्हणाले, "स्वादुपिंडात गाठ आहे. शेपटाकडच्या भागात आहे आणि शेजारच्या मोठ्या शिरेला चिकटलेली दिसते. सुईने तुकडा काढून तपासायला लागेल. पण शिरेला लागलेल्या गाठीचं ऑपरेशन सहसा करत नाहीत, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. मोठ्या ठिकाणी दुसरं मतही घ्या."

ताईंनी विचारलं, "किती दिवस?"

"ते तपासणीनंतर बोलू."

"अंदाजे?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ताईंनी त्यांचं उत्तर त्यातून काढलं. आयुष्यभर मुलांना त्या सांगत आल्या होत्या की पायऱ्या लिहिल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, आणि स्वतःच्या वेळी मात्र त्यांनी एकदम उत्तरच लिहून टाकलं.

त्याच रविवारी त्यांनी सरांना बोलावलं. मी चहा नेऊन ठेवला आणि आत वळले. आमचं घर काही एवढं मोठं नाही की बाहेरचं बोलणं आत ऐकू येऊ नये.

"बाई, तुकडा तपासायचाय अजून," सर म्हणत होते.

"तपासतील. पण आपलं जे ठरलंय ते आता नको."

"का?"

"तुम्ही एकदा हे सगळं केलंत. परत नाही करायचं."

सर म्हणाले, "ती आजारी होती तेव्हा मी शेजारी होतो ना? मला त्यातलं सगळं येतं आता. पथ्याचं करता येतं, उलटी धरता येते, इस्पितळात कुठल्या खिडकीवर कुठल्या वेळी गर्दी नसते तेही कळतं. शिकलेलं वाया कशाला घालवायचं?"

"म्हणूनच नको," ताई म्हणाल्या. "तुम्हाला येतं म्हणूनच नको."

सरांनी चहा घेतला नाही. जाताना मला म्हणाले, "बघा जरा त्यांच्याकडे." त्यांच्या हाताच्या नखांत फिकट पिवळा रंग अडकलेला होता, खोलीच्या भिंतीचा.

तुकड्याचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा जरा सैल झाला होता. ही नेहमीची गाठ नव्हती. स्वादुपिंडात हार्मोन तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांची होती. क्वचित होते, आणि बहुतेक वेळा फार हळू वाढते. माणूस वर्षानुवर्षं तिच्यासोबत जगतो, असं त्यांनी सांगितलं. शिरेला चिकटल्याची अडचण मात्र तशीच होती. महिन्याला एक इंजेक्शन चालू करू, गाठ ताब्यात राहील, आणि परळच्या मोठ्या इस्पितळात एकदा दाखवून याच, असं म्हणाले.

घरी येताना टॅक्सीत माझा नवरा म्हणाला, "ताई, उद्याच जाऊ परळला."

"कशाला? किती ठिकाणी जाऊन तेच ऐकायचं? इंजेक्शन सांगितलंय ना, घेऊ."

आम्ही पुन्हा विषय काढला, तिसऱ्यांदा काढला. ताईंचा 'नाही' हा शाळेतला 'नाही' होता. त्यापुढे वर्ग शांत व्हायचा. आम्हीही झालो.

अहवालाची बातमी शाळेत पोचली आणि सर पुन्हा आले. या वेळी न बोलावता. पायऱ्या भराभर चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती, आणि चेहऱ्यावर आनंद लपत नव्हता.

"बाई, हळू वाढते म्हणे!"

"हळू म्हणजे किती हळू, ते कुणी सांगतंय का?" ताई खुर्चीतून उठल्या नाहीत. "आज नाही तर चार वर्षांनी. तुम्ही तेव्हा आणखी थकलेले असाल. सर, मी ठरवलंय. तुम्ही मला आणखी विचारू नका, मला त्रास होतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम म्हटलं, हे मला आजही पक्कं वाटतं. आपल्यामुळे कुणाला त्रास होतो म्हटल्यावर सर तिथे उभे राहणारे नव्हते. ते गेले. पुढे शाळेत भेटत राहिले असतील. शनिवारी ताई बसने घरी येऊ लागल्या.

सर निवृत्त झाले आणि गावी गेले. ताईंनी प्रकृतीमुळे लवकर निवृत्ती घेतली आणि घरी शिकवण्या चालू केल्या. इंजेक्शनं मानवली होती. महिन्यातला एक दिवस कंबरेखाली दुखायचं, दोन दिवस पोट बिघडायचं, बाकी माणूस चांगलं. दरवर्षी दिवाळी यायची आणि ताई तशाच चकल्या पाडत बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, ही धरून आता किती दिवाळ्या त्या दोघांना एकत्र मिळाल्या असत्या.

एक दिवस दुपारी फोन आला. ताईंनीच घेतला. "अरे वा! सर, फार छान केलंत. नाही नाही, मनापासून सांगते. कुठल्या त्या? अंगणवाडीत? छानच. गावात सोबत हवीच." आवाज इतका मोठा की मी बाहेर आले. फोन ठेवून त्या शिकवणीच्या मुलीच्या वहीकडे वळल्या आणि तिला म्हणाल्या, "हां, इथे चिन्ह बदलायचं राहिलं तुझं."

मुलगी गेल्यावर मी जवळ जाऊन बसले. ताई म्हणाल्या, "चांगलं झालं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं." मग बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसल्या होत्या.

त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी ताई बेसिनपाशी दात घासायला गेल्या आणि मला हाक मारली. बेसिन लाल झालं होतं. त्या दोन्ही हातांनी कडा धरून उभ्या होत्या. "घाबरू नकोस," मलाच म्हणाल्या, आणि पुन्हा उलटी झाली. सगळं रक्त.

ॲम्ब्युलन्समधून जवळच्या इस्पितळात नेलं. तोंडातून नळी घालून रक्त थांबवलं, पण तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटातल्या शिरा फुगल्यात, हे पुन्हा होणार. आता परळला न्यावंच लागलं. या वेळी ताईंना विचारायला कुणी थांबलं नाही.

परळच्या त्या इस्पितळाबाहेरच्या फुटपाथवर देशभरातून आलेली माणसं बसलेली असतात. ताईंची शाळा तिथून पाच मिनिटांवर. इतकी वर्षं त्या त्याच फुटपाथवरून चालत गेल्या होत्या. व्हीलचेअरवरून आत जाताना शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली, तर त्यांनी मान वळवून पाहिलं.

तिथले सर्जन मध्यम वयाचे, सावकाश बोलणारे. बरोबर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्या मराठीत सगळं समजावून सांगायच्या. कॉम्प्युटरवर स्कॅन दाखवत सर्जन म्हणाले, "गाठ हळूच वाढली आहे. पण ती शिरेच्या आत शिरली आहे. प्लीहेकडून येणारी शीर पार बंद झाली, म्हणून रक्त पोटाच्या शिरांमधून वाट काढतंय. ते फुटलं. आता नुसत्या इंजेक्शनवर ठेवता येणार नाही."

"पण शिरेला लागलेलं काढत नाहीत ना?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"नेहमीच्या गाठीत सहसा नाही काढत. या जातीच्या गाठीत प्रयत्न करण्यासारखा असतो. ऑपरेशन मोठं आहे. स्वादुपिंडाचा बराचसा भाग, प्लीहा, जठराचा तुकडा, आणि शिरेचा जेवढा भाग बिघडलाय तेवढा कापून मानेतली शीर तिथे जोडायची. धोका आहे. टेबलावर रक्त जाऊ शकतं, नंतर जोड गळू शकतो. पण काढता येईल असं आम्हा सगळ्यांना वाटतं."

ताई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा कळलं तेव्हा आले असते तर?"

सर्जननी जुना स्कॅन उघडला. बराच वेळ पाहिला. "तेव्हा ती शिरेला नुसती टेकलेली दिसते. आत नव्हती. कदाचित सोपं गेलं असतं." मग ताईंकडे पाहून लगेच म्हणाले, "कदाचित. आज नक्की कुणीच सांगू शकत नाही. त्याचा विचार करू नका."

विचार करू नका म्हटल्याने माणूस थांबला असता तर काय हवं होतं.

ऑपरेशनच्या आधी काही आठवडे लसी टोचल्या, कारण प्लीहा काढली की साध्या तापाशी झुंजायची ताकद कमी होते. ताईंनी त्या दिवसांत शिकवणीच्या मुलांना दुसरीकडे लावून दिलं, लोणच्याच्या बरण्यांना झाकणाखाली फडकी बांधली, आणि एका संध्याकाळी मला आईच्या पाटल्या काढून दिल्या. मी घेतल्या नाहीत. "नंतर द्या," म्हटलं. "बरं, नंतर," म्हणाल्या, जणू मी पोळी नंतर वाढा म्हटलं होतं.

सकाळी त्यांना आत नेलं ते संध्याकाळी दिवे लागल्यावर सर्जन बाहेर आले. त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. "गाठ पूर्ण निघाली. शीर जोडली, रक्त वाहतंय," एवढं बोलले आणि भिंतीला टेकले. माझा नवरा, ज्याने आईच्या वेळी डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, तो त्या बाकावर बसून हुंदके देऊन रडला.

पुढचे दिवस सोपे नव्हते. स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून पाणी झिरपत राहिलं. पोटाला लावलेली नळी आणि तिची पिशवी घेऊनच ताई घरी आल्या. ती पिशवी मोजायची, रिकामी करायची, रक्त पातळ होण्याचं इंजेक्शन पोटात टोचायचं, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर पचनाच्या गोळ्या, साखर तपासून इन्सुलिन. पहिल्या आठवड्यात मी सुई हातात घेऊन नुसती बसायची. ताई म्हणायच्या, "टोच गं, मला नाही लागत." मला मात्र नेमकं सरांचं बोलणं आठवायचं, 'मला त्यातलं सगळं येतं आता.'

नळी निघाली, त्याच्या काही महिन्यांनी पहिला मोठा स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, "आजी नाही म्हणत, मावशी म्हणते. मावशी, कुठेच काही दिसत नाही. आता सहा महिन्यांनी या, मग वर्षाने."

मी ताईंना मिठी मारली. ताईंनी त्यांचे आभार मानले, पाठीवर हात ठेवला, सगळं व्यवस्थित केलं. बाहेर येऊन टॅक्सीत बसलो, लालबागच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो, आणि ताई रडायला लागल्या. आजार कळला तेव्हा नाही, रक्ताची उलटी झाली तेव्हा नाही, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाही. आता. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

मी म्हटलं, "ताई, अहो, चांगली बातमी आहे."

"मला माहितीये," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी त्यांना विचारलंच नाही गं. तुम्हाला चालेल का, असं एकदासुद्धा विचारलं नाही. माझं मी परस्पर ठरवलं, आणि त्यांच्या वाटचंही मीच ठरवलं. काय तर म्हणे, त्यांना त्रास नको. त्रास त्यांचा होता ना? घ्यायचा की नाही, ते त्यांनी बघितलं असतं."

सिग्नल सुटला. 'जाऊ द्या' म्हणण्यासारखं ते नव्हतं. त्यांचं ते वागणं मोठ्या मनाचं आहे, असं आम्हा सगळ्यांना तेव्हा वाटलं होतं. नातेवाइकांत कौतुक झालं होतं. आता त्या मोठ्या मनाचं काय करायचं, ते कुणालाच कळत नव्हतं.

सरांना ऑपरेशनचं कुणीतरी शाळेतल्याने कळवलं. पुढच्या उन्हाळ्यात ते मुलीकडे ठाण्याला आले होते, तिथून बायकोला घेऊन आमच्याकडे आले. केस पूर्ण पांढरे झालेले, बाकी तेच. बायको ठेंगणी, हसतमुख, हातात कोकमं आणि कुळथाच्या पिठाची पिशवी. आल्या आल्या ताईंच्या पायाला हात लावायला वाकल्या, ताईंनी त्यांना वरच्या वर धरलं.

"काय बाई, बऱ्या आहात?" सरांनी विचारलं.

"बरी आहे, सर. बसा."

मी चहा टाकायला आत आले, तर सरांची बायको माझ्या मागोमाग आली. बाहेरच्या दोघांना बोलू द्यावं म्हणूनच त्या आल्यात, हे मला कळलं. ओट्याला टेकून हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांनी माका लग्नाआधीच सगळा सांगल्यानी. दोनदा विचारलंय म्हणाले, तिसऱ्यांदा विचारूक धीर झालो नाय." जरा थांबून म्हणाल्या, "माका वाईट नाय वाटत हां. माणूस चांगलो मिळालो. पण ताईंका बघून आता वाटता, ह्या सगळा वेगळाच होवचा होता."

मी त्यांना साखर किती घालू ते विचारलं.

बाहेर ताई आणि सर शाळेच्या गोष्टी करत होते. शाळेची पटसंख्या कशी घसरली, चित्रकलेचा तास कसा बंद झाला, अमुक मुलगा आता कुठे आहे. मी ट्रे घेऊन गेले तेव्हा सर म्हणत होते, "भिंतींचा तो पिवळा रंग काही टिकला नाही. पहिल्याच पावसात पोपडे आले."

"अस्तर नीट मारलं नसेल," ताई म्हणाल्या.

"घाई होती," सर म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि चहाचे कप घेतले. ताईंनी आधी पचनाची गोळी तोंडात टाकली. सरांनी कसली म्हणून विचारलं, आणि ताईंनी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं: केव्हा घ्यायची, विसरली तर काय होतं, साखर खाली गेली की कसं वाटतं. सर लक्ष देऊन ऐकत होते, मधून मधून प्रश्न विचारत होते. कुणाला दाखवायचं म्हणून नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उठून खिडकीपाशी गेले, कारण मला ते बघवेना.

तेव्हापासून सरांची बायको आणि ताई फोनवर बोलतात. गावाकडे काय पिकलं, कुणाच्या सुनेला काय झालं. सर मागे खोकताना ऐकू येतात. गेल्या वर्षीच्या तपासणीत ताईंच्या यकृतावर बारीक ठिपके दिसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेही हळूहळूच वाढेल, इंजेक्शन पुन्हा चालू करू, घाबरण्यासारखं आज काही नाही. त्या संध्याकाळी गावाहून नेहमीचा फोन आला, तर ताईंनी लपवलं नाही, सरळ सांगून टाकलं. पलीकडून सरांच्या बायकोने विचारलं असावं, आम्ही येऊ का. ताईंनी क्षणभर रिसीव्हर कानाला नुसता धरून ठेवला.

"या," त्या म्हणाल्या. "दोघंही या. राहायलाच या."

ती दोघं आली, चार-पाच दिवस राहिली. सर इंजेक्शनला बरोबर गेले, रांगेत उभे राहिले, येताना शहाळी घेऊन आले. संध्याकाळी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसून वाटाणे सोलायची आणि मी पोळ्या करायची. हसणं ऐकू यायचं. माझा नवरा एकदा आत येऊन मला म्हणाला, "ताई किती खूश आहे बघ."

होत्या. मलाही दिसत होतं. आणि तव्यावरची पोळी उलटताना मी मनातल्या मनात त्या टेबलाशी दोनच माणसं बसवून बघत होते. मग पोळी करपली. दुसरी लाटायला घेतली.